फ्रॅक्शनल लेझरने मुरमांचे खड्डे खरंच भरतात का? (भाजल्याचे वण, वांग, डाग यांबद्दलही लिहा)

रानजाई | १४ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. कॉलेजच्या वर्षांत मला खूप मुरमं यायची. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांनी ती थांबली, पण दोन्ही गालांवर खड्डे राहिले. समोरून उजेड असला की फारसे दिसत नाहीत, पण ट्यूबलाइटचा उजेड बाजूने पडला की गालभर सावल्याच सावल्या. मेकअपने झाकायला गेलं तर फाउंडेशन खड्ड्यांत बसतं आणि ते जास्तच उठून दिसतात.

साताऱ्यातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी फ्रॅक्शनल सीओटू (म्हणजे कार्बन डायऑक्साइडचं) लेझर सुचवलंय. चार ते सहा सिटिंग, प्रत्येकात साधारण दीड महिन्याचं अंतर. मी गव्हाळ-सावळी आहे. ऑफिसातल्या एका मैत्रिणीचे गाल लेझरनंतर काळवंडले आणि तो काळेपणा जायला बराच काळ गेला. तेव्हापासून धास्ती बसलीय. शिवाय रोज स्कूटरवरून येणं-जाणं, आणि फेब्रुवारीत सख्ख्या भावाचं लग्न.

ज्यांनी करून घेतलंय त्यांनी मोकळेपणाने लिहा. फरक किती पडतो? चेहरा काळा पडतो का? गोळ्यांचा कोर्स संपल्यावर किती थांबायचं? खर्च परवडतो का? इंटरनेटवरचे 'आधी-नंतर'चे फोटो बघून विश्वास बसत नाही, कारण दोन्ही फोटोंतला उजेड वेगळाच असतो.

---

तिखटमीठ | रात्री १०:०५

उजेडाचं अगदी बरोबर बोललात! खड्डा म्हणजे शेवटी सावलीच. आमच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्या दिवशी एकाच जागी बसवून, एकच दिवा बाजूने लावून फोटो काढले आणि पुढेही तसेच काढले. असं करणारा दवाखाना निवडा.

मी करून घेतलंय. माझे खड्डे पसरट, काही उभ्या कडांचे होते, त्यांच्यात चांगला फरक पडला. नाकाजवळची सुईने टोचल्यासारखी बारीक खोल भोकं आहेत, ती जवळजवळ तशीच आहेत.

---

कृष्णाकाठ | रात्री १०:२०

दुखतं का हो?

---

तिखटमीठ | रात्री १०:४८

@कृष्णाकाठ, दुखतं, पण सोसवतं. आधी तासभर सुन्न करणारं मलम जाड लावून वर प्लास्टिकची फिल्म चिकटवतात. मग पुसून डोळ्यांवर धातूची झाकणं. एकीकडून थंड हवेची नळी, दुसरीकडे धूर ओढणारी नळी, आणि मधे यंत्राची टिकटिक. केस जळल्याचा वास येतो, त्याने आधी दचकायला होतं. गालापेक्षा वरचा ओठ आणि कपाळाची कड जास्त झोंबते.

खरी आग नंतर दोन-तीन तास. मी कारमध्ये एसी तोंडावर घेऊन बसले होते. दुसऱ्या दिवशी चेहरा सुजून लाल, आणि तिसऱ्या दिवसापासून गालांवर बारीक तपकिरी ठिपक्यांची चौकोनी जाळी दिसते. हात फिरवला की खरखरीत. ही जाळी नखाने काढायची नाही, हे डॉक्टरांनी तीनतीनदा बजावलं होतं. साधं पेट्रोलियम जेली लावत राहायचं. आठवड्याभरात ती आपोआप गळते आणि खालची कातडी गुलाबी असते.

---

सह्यकडा | १५ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

रानजाईताई, राग मानू नका. माझ्याही तोंडावर खड्डे आहेत, चाळिशी आली. बायकोला कधी खटकले नाहीत, पोरांना नाहीत. एवढा पैसा, एवढी जळजळ कशासाठी? लग्नात लोक नवरीकडे बघतात, करवलीच्या गालाकडे नाही. आपणच आरशात जवळ जाऊन बघतो.

---

अबोली_२ | सकाळी ८:३०

सह्यकडा दादा, तुमचा हेतू चांगला आहे, पण मला हे पटत नाही. पुरुषाच्या चेहऱ्यावरचे खड्डे आणि मुलीच्या चेहऱ्यावरचे खड्डे यांना आपल्याकडे एकच माप लागत नाही. बघायच्या कार्यक्रमात माझ्या समोर, माझ्या आईला विचारलं होतं, "हे आत्ताचं आहे की कायमचं?" तिचा चेहरा मला अजून दिसतो. कुणाला तसंच राहायचं असेल तर उत्तमच. पण ज्याला उपचार हवेत त्याला 'कशाला' विचारण्याआधी तो काय सोसून इथे आलाय याचा विचार व्हावा.

---

सह्यकडा | सकाळी ९:१०

@अबोली_२, हे वाचून वाईट वाटलं. असा प्रश्न कुणी कुणाला विचारू नये. रानजाईताई, तुम्हाला हवं तर जरूर करा. फक्त लग्नासाठी म्हणून घाई करू नका, एवढंच म्हणतो.

---

निवडुंग | सकाळी ११:३२

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, मुंबईत प्रॅक्टिस करते. चेहरा न बघता उपचार सांगणार नाही, पण काही गोष्टी सगळ्यांना माहीत असाव्यात म्हणून सविस्तर लिहिते.

पूर्वीच्या लेझरमध्ये वरची सगळी कातडी सोलून काढत. परिणाम जोरदार, पण जखम आठवडेच्या आठवडे, जंतुसंसर्गाचा धोका, आणि आपल्यासारख्या त्वचेत नंतर डाग. २००४ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या डीटर मॅनस्टाइन, रॉक्स अँडरसन आणि सहकाऱ्यांनी 'फ्रॅक्शनल'ची कल्पना मांडली. अख्खं रान नांगरण्याऐवजी टोकण करावी तसं. केसाएवढ्या जाडीचे उष्णतेचे खांब त्वचेत खोल उतरतात आणि दोन खांबांमधली त्वचा शाबूत राहते. त्या शाबूत भागातून पेशी सरकत येऊन जखम लवकर भरतात. उष्णता लागलेल्या भागात पुढचे तीन ते सहा महिने नवं कोलॅजन, म्हणजे त्वचेला भरीवपणा देणारं प्रथिन, तयार होत राहतं. म्हणून पहिल्या सिटिंगनंतर पंधरा दिवसांत आरशात निकाल शोधू नका.

आता मुख्य मुद्दा. खड्डे सगळे एका जातीचे नसतात. घरी बघायचं असेल तर बाजूच्या उजेडात गाल बोटांनी हलकेच ताणून बघा. ताणल्यावर नाहीसे होतात ते लाटांसारखे पसरट खड्डे. ते बऱ्याचदा खालून तंतूंनी खेचून धरलेले असतात. आधी सुईने ते तंतू सोडवायचे, याला सबसिजन म्हणतात, आणि मग लेझर. हा क्रम चुकवून नुसतं वरून लेझर मारत राहिलं तर पैसे जातात आणि खड्डा तिथेच राहतो. उभ्या कडांचे पेटीसारखे खड्डे लेझरला बऱ्यापैकी दाद देतात. ताणूनही न जाणारी अरुंद खोल भोकं, म्हणजे तिखटमीठ यांच्या नाकाजवळची, त्यांना लेझर फारसं पोचत नाही. तिथे काडीच्या टोकाने तीव्र टीसीए आम्ल भोकात लावतात, किंवा ते भोक 'पंच' नावाच्या गोल पात्याने काढून टाके घालतात.

बहुतेकांच्या गालावर तिन्ही जाती मिसळलेल्या असतात. म्हणून एकाच यंत्राचं पॅकेज विकणाऱ्यापासून सावध राहा. निम्म्याच्या आसपास फरक पडला तरी मी त्याला चांगला निकाल म्हणते. पूर्ण सपाट गाल कुणी कबूल करत असेल तर उठून या.

काळं पडण्याबद्दल संध्याकाळी लिहिते, आता ओपीडी आहे.

---

रानजाई | दुपारी १:१५

डॉक्टर, मनापासून आभार. डब्याच्या सुट्टीत ऑफिसच्या वॉशरूममध्ये गाल ताणून बघितले. डावीकडचे जवळजवळ सगळे जातात, उजवीकडे चार-पाच तसेच राहतात. साताऱ्यात सबसिजनबद्दल कुणी काही बोललंच नव्हतं.

---

लोलक | दुपारी ३:५०

वैद्यकातलं मला कळत नाही, भौतिकशास्त्र शिकवतो. पण सीओटू लेझरचा विषय निघाल्यावर एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. हे लेझर १९६४ मध्ये अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी शोधलं, आणि या पटेलांचा जन्म १९३८ चा, आपल्या बारामतीचा! पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून १९५८ ला पदवी घेऊन ते स्टॅनफर्डला गेले. मी दर वर्षी वर्गात हे सांगतो आणि दर वर्षी मुलं चकित होतात.

या लेझरची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त किरण. पाणी हा किरण फार जोरात शोषून घेतं, आणि त्वचेत तर पाणीच पाणी. त्यामुळे किरण पडेल तिथलं पाणी क्षणात वाफ होतं आणि बारीक भोक पडतं. केस काढायचं लेझर त्वचेतल्या आणि केसांतल्या रंगद्रव्याला लागतं, हे मात्र रंग बघत नाही. मग सावळ्या त्वचेला हे जास्त बाधतं असं का म्हणतात, हे मला डॉक्टरांकडून समजून घ्यायचंय.

---

कृष्णाकाठ | दुपारी ४:०५

बारामतीत काय नाही ते विचारा! आमच्या सांगलीच्या हळदीलाही मागे टाकलं राव. :-)

---

निवडुंग | रात्री ९:२०

लोलक सर, कुमार पटेल बारामतीचे हे मला ठाऊक नव्हतं. रोज ते यंत्र हातात असतं, आता पेशंटना सांगेन.

तुमचा प्रश्न नेमका आहे. किरण रंग बघत नाही हे खरं. पण उष्णतेने सूज येते, आणि आपल्या त्वचेतल्या रंगपेशी सुजेला चटकन प्रतिसाद देतात. डास चावल्यावर, मुरूम फोडल्यावर, तेल उडाल्यावर आपल्याकडे काळा डाग महिनोन्महिने राहतो, तेच इथे होतं. म्हणजे दोष किरणाचा नसून मागून येणाऱ्या सुजेचा असतो. म्हणूनच तो आटोक्यात ठेवता येतो.

कसा? सावळ्या त्वचेत ठिपके दाट मारायचे नाहीत. खोली हवी तर ऊर्जा वाढवावी, पण ठिपके विरळ ठेवावेत. दोन सिटिंगमध्ये पुरेसं अंतर ठेवायचं. आधी कानाजवळ किंवा जबड्याखाली छोट्या जागेवर चाचणी घेऊन काही आठवडे थांबायचं. ओठांभोवती वारंवार पाणफोड येत असतील तर ते आधी सांगायचं, म्हणजे विषाणूची गोळी आधीच सुरू करता येते. आणि उन्हापासून काटेकोर बचाव, यात तडजोड नाही. काळेपणा आलाच तर तो बहुतेक वेळा काही महिन्यांत फिका होत जातो, पण त्या काळात पुढचं सिटिंग करायचं नाही.

आयसोट्रेटिनॉइन बंद केल्यावर सहा महिने थांबा असा नियम आम्ही शिकलो होतो. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या गटाने उपलब्ध पुरावे तपासून सांगितलं की फ्रॅक्शनल लेझरसाठी एवढं थांबायला पुरेसा आधार नाही. पूर्ण कातडी सोलणारं लेझर आणि यंत्राने घासणं मात्र त्या काळात टाळावंच. गोळी कधी थांबली ते तुमच्या डॉक्टरांना सांगा, ते ठरवतील.

---

दवबिंदू | रात्री १०:१०

मी त्या काळं पडलेल्यांपैकी एक. गावाचं आणि त्या जागेचं नाव लिहीत नाही. बोर्डावर 'स्किन अँड लेझर क्लिनिक', आत पांढरा कोट, भिंतीवर चार-पाच प्रमाणपत्रं. मे महिन्यात लेझर केलं. चाचणी नाही, आधी काही लावायला दिलं नाही, आणि उन्हाबद्दल एक अक्षर नाही. दुसऱ्या दिवसापासून कामावर जा म्हणाले. गालांवर चौकोन चौकोन उमटले, अगदी कडांसकट. विचारायला गेले तर आणखी एक सिटिंग केलं की जाईल म्हणाले. नंतर चौकशी केली तेव्हा कळलं की लेझर मारणाऱ्या बाई त्वचारोगतज्ज्ञ नव्हत्याच, त्यांनी काही दिवसांचा कॉस्मेटॉलॉजीचा कोर्स केला होता.

पुढे मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग विभागात गेले. तिथल्या मॅडमनी माझी पर्स उलटी करायला लावली आणि केमिस्टने दिलेली गोरेपणाची ट्यूब बाजूला काढली. त्यात स्टेरॉइड होतं. ती बंद झाल्यावर चेहरा लाल होऊन जळत राहिला, ते दिवस नकोसे होते. मग हळूहळू सगळं निवळलं.

कृपा करून डिग्री बघा.

---

निवडुंग | रात्री १०:४०

दवबिंदू, तुम्ही हे लिहिलंत त्यासाठी आभार, यामुळे कुणीतरी नक्की बचावेल. एमडी, डीएनबी, डीव्हीडी किंवा डीडीव्ही यांपैकी त्वचारोगातली पदवी आहे का ते विचारा, आणि प्रिस्क्रिप्शनवरचा नोंदणी क्रमांक वैद्यकीय परिषदेच्या वेबसाइटवर तपासा. प्रामाणिक डॉक्टरला याचा राग येत नाही. लेझर कोण मारणार हेही आधीच विचारायचं. डॉक्टर स्वतः की मदतनीस?

स्टेरॉइडच्या ट्यूबा मात्र मला हताश करतात. २०१८ मध्ये सरकारने अशी चौदा मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, तरी चेहरे जळलेले पेशंट येतच राहतात. लेझरला जाताना चेहऱ्याला लावता ती प्रत्येक ट्यूब पिशवीत घालून घेऊन जा.

---

करडई | १६ नोव्हेंबर, सकाळी १०:००

मी मायक्रोनीडलिंग केलं, बारीक सुयांचं यंत्र. खर्च लेझरपेक्षा बराच कमी, दोन-तीन दिवसांत चेहरा नॉर्मल, आणि काळं पडायची भीतीही कमी. माझ्या मते आपल्या त्वचेसाठी लेझरची गरजच नाही. सगळे दवाखाने लेझर सुचवतात कारण महागडं यंत्र घेतलेलं असतं, त्याचा हप्ता फेडायचा असतो.

---

तिखटमीठ | सकाळी १०:३०

@करडई, हप्त्याचं खरं असेलही, पण सरसकट सगळ्यांना लागू होत नाही. मी आधी सुयाच केल्या होत्या. थोडा फरक पडला आणि मग थांबला. उभ्या कडांचे खड्डे लेझरनेच निवळले.

---

निवडुंग | दुपारी २:१०

दोघींचंही बरोबर आहे. सुयांनी उष्णता लागत नाही, म्हणून डाग पडायची शक्यता कमी. सौम्य पसरट खड्ड्यांना त्या पुरतातही. सुयांच्या टोकातून रेडिओलहरी सोडणारं एमएनआरएफ हा मधला मार्ग आहे, त्यात उष्णता खोल सोडतात आणि वरची त्वचा बरीचशी वाचते. फार सावळ्या पेशंटला मी बरेचदा त्यापासूनच सुरुवात करते. खोल, कडा असलेल्या खड्ड्यांना मात्र सीओटू सरस, हा माझा अनुभव. घरी रोलर फिरवू नका. तो निर्जंतुक नसतो आणि खोलीही आपल्या हातात राहत नाही.

---

वसईची_आई | दुपारी ४:४५

जरा वेगळा प्रश्न. माझ्या मुलाच्या हातावर मागे एका दिवाळीत अनार फुटला. आता तो दहावीत आहे. जखम भरली, पण मनगटापासून कोपरापर्यंत कातडी जाड, लालसर आणि सतत खाजणारी. थंडीत तर ओढल्यासारखी होते. शाळेत पूर्ण बाह्यांचा शर्टच घालतो, खेळाच्या तासालाही काढत नाही. यावर लेझर चालतं का?

---

पारिजात | संध्याकाळी ६:२०

ताई, मी बर्न्स युनिटमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. चालतं. माझ्या मते फ्रॅक्शनल लेझरचा सगळ्यात मोठा उपयोग मुरमांपेक्षा इथेच आहे. अमेरिकेच्या लष्करी डॉक्टरांनी स्फोटात जखमी झालेल्या सैनिकांच्या वणांवर हे भरपूर वापरलं. जाड वण मऊ होतो, खाज आणि ओढ कमी होते, सांधा जास्त हलतो. दिसण्यातला फरक त्याच्या मागून येतो. जाड वणात लेझरने पाडलेल्या भोकांतून स्टेरॉइडचं औषध आत मुरवतात, त्याचाही फायदा होतो.

पण लेझर एकटं पुरत नाही. सिलिकॉनची पट्टी, घट्ट मापाचा प्रेशर गारमेंट, दिवसातून अनेकदा तेलाने किंवा क्रीमने मालिश, आणि रोजचा व्यायाम, हे सुटलं की वण पुन्हा आवळतो. कोपर पूर्ण सरळ होतोय का ते आज घरी बघा. हात भिंतीला टेकवून दुसऱ्या हाताशी ताडून पाहा. होत नसेल तर आधी प्लास्टिक सर्जनला दाखवा, कारण आखडलेला सांधा बऱ्याचदा शस्त्रक्रियेने सोडवावा लागतो. तुम्हाला जवळ म्हणजे ऐरोलीचं नॅशनल बर्न्स सेंटर, किंवा सायन हॉस्पिटल.

आणि एक आवर्जून सांगते. मुलाला बाह्यांवरून बोलू नका. आमच्याकडे येणारी मुलं वण मऊ होऊ लागला की स्वतःहून बाह्या दुमडतात.

---

वसईची_आई | संध्याकाळी ७:०५

पारिजातताई, बघितलं. कोपर पूर्ण सरळ होत नाही. आम्हाला वाटत होतं तो मुद्दाम वाकवून ठेवतो. सोमवारीच ऐरोलीला जातो. तुमचे कसे आभार मानू.

---

मुनीमजी | संध्याकाळी ७:५०

वसईच्या ताईंना उपयोगी पडेल म्हणून लिहितो, विम्याच्या कामात आहे. मेडिक्लेममध्ये सौंदर्योपचार वगळलेले असतात, पण त्याच कलमात अपघात, भाजणे आणि कर्करोग यांनंतरच्या पुनर्रचनेला अपवाद आहे. म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीत 'भाजल्यामुळे आखडलेला सांधा, हालचालीत अडथळा' असं खरं कारण स्पष्ट यायला हवं. नुसतं 'स्कार लेझर' लिहिलं तर दावा नाकारला जाण्याची शक्यता मोठी. पॉलिसीची प्रत काढून बघा आणि आधी मंजुरी घ्या.

मुरमांच्या खड्ड्यांचा खर्च मात्र खिशातूनच, आणि सौंदर्योपचाराच्या बिलावर १८ टक्के जीएसटीही लागतो. रानजाईताई, दर विचाराल तेव्हा करासकट विचारा.

---

तिखटमीठ | रात्री ८:१५

हो, खर्चाचं राहिलंच. पुण्यात मला पूर्ण चेहऱ्याच्या एका सिटिंगला मध्यम पगारातला बराच मोठा घास द्यावा लागला. मी सगळे पैसे आगाऊ भरले नाहीत, दर वेळचे दर वेळी दिले. पॅकेजमध्ये सूट मिळते, पण चेहरा काळवंडला आणि थांबायचं ठरवलं तर आगाऊ भरलेले पैसे अडकतात. सनस्क्रीन आणि क्रीम यांचा दर महिन्याचा खर्चही धरा.

---

आजोबा_नाशिक | १७ नोव्हेंबर, सकाळी ६:३०

वाचतोय सगळं. आमच्या पिढीत घरटी एक तरी देवीचे वण असलेला चेहरा असायचा. माझ्या थोरल्या बहिणीला होते. भारतातली देवीची शेवटची केस १९७५ ची, त्यामुळे आता असे चेहरे दिसत नाहीत, आणि त्याचा मला फार आनंद आहे. बहीण गणिताची शिक्षिका होती. तिच्या वेळी असे उपचार असते तर तिने घेतले असते का, मला सांगता येत नाही. पण तिला विचारून ठरवायची मुभा असती, हे नक्की. मुलांनो, ही मुभा तुम्हाला आहे. नीट माहिती घेऊन वापरा.

---

अबोली_२ | सकाळी ७:४०

आजोबा, नमस्कार. फार छान लिहिलंत.

---

शेवंती | सकाळी ११:००

वांगावर हे लेझर चालेल का? दोन्ही गालांवर, बाळंतपणानंतर आलंय. आणि माझ्या बहिणीच्या दंडांवर आणि पाठीवर काळपट खरखरीत पट्टे आहेत, त्यावर?

---

निवडुंग | दुपारी १:३०

शेवंती, वांगावर मी हे लेझर पहिला उपाय म्हणून कधीच करत नाही. उष्णतेने वांग भडकतं. सुरुवातीला फिकं वाटतं आणि काही महिन्यांत दुप्पट गडद होऊन येतं. तिथे सनस्क्रीन, डॉक्टरांच्या देखरेखीखाली मलमं, आणि गरज असेल तर ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे औषध. वांगाला नुसतं ऊनच नाही तर दिसणारा उजेडही चालत नाही, म्हणून त्वचेच्या रंगाचं, लोहाचं ऑक्साइड असलेलं सनस्क्रीन घ्या.

बहिणीला विचारा, आंघोळीला नायलॉनची घासणी वापरते का? बहुतेक उत्तर हो येईल. वर्षानुवर्षं घासून त्वचेत अमायलॉइड नावाचं द्रव्य साचतं. 'मळ निघत नाही' म्हणून बायका आणखी घासतात आणि ते आणखी वाढतं. आधी घासणी फेकून द्या. उपायांनी दाद न देणाऱ्या जाड, खाजणाऱ्या चट्ट्यांवर फ्रॅक्शनल लेझरचा उपयोग होतो, पण घासणं चालू असेल तर काहीच टिकणार नाही.

---

मोगरा_कोल्हापूर | दुपारी ३:१५

पांढऱ्या डागांवर पण करतात म्हणे? माझ्या बोटांवरचे डाग औषधांना दादच देत नाहीत.

---

निवडुंग | दुपारी ३:४०

करतात, पण नुसत्या लेझरने रंग येत नाही. भोकं पाडून वर औषध लावतात आणि सोबत एनबी-यूव्हीबीचे, म्हणजे एका प्रकारचे अतिनील, किरण देतात. अट एकच, डाग किमान वर्षभर स्थिर असायला हवेत. वाढता डाग असताना इजा केली तर त्या इजेच्या जागीच नवा डाग उमटू शकतो. बोटांची टोकं सगळ्यात हट्टी असतात, तिथे अपेक्षा थोडी ठेवा. पुण्याच्या श्वेता असोसिएशनचं नाव ऐकलं असेल, पांढऱ्या डागांच्या लोकांचा तो स्वमदत गट आहे. तिथे बोलून बघा, मनाला बळ मिळतं.

---

रानजाई | १९ नोव्हेंबर, रात्री ९:००

सगळ्यांचे आभार. काल पुण्यात दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी दिवा बाजूने धरून पेनने गालावर तीन प्रकारच्या खुणा केल्या आणि मला आरसा दिला. डाव्या गालाला आधी सबसिजन, उजवीकडच्या भोकांना टीसीए, आणि लेझर सर्वांत शेवटी. लग्नाच्या आधी लेझर करायचं नाही असं त्यांनीच सांगितलं. सबसिजनचं काळंनिळं आठ-दहा दिवसांत जातं, ते डिसेंबरच्या सुरुवातीला उरकायचं. लेझरची छोटी चाचणी लग्नानंतर जबड्याखाली.

काळं पडायची भीती पूर्ण गेली नाहीये, पण आता नेमकं कशाला भ्यायचं ते कळलंय. एकच अडचण, स्कूटर. हेल्मेटची काच पुरेल का?

---

निवडुंग | रात्री ९:३५

योजना छान आहे. काच पुरत नाही, आणि हेल्मेटचं आतलं पॅड ताज्या लेझरच्या गालावर घासतं ते वेगळंच. पहिला आठवडा स्कूटर बंद, बसने किंवा कुणाच्या तरी गाडीतून जा. नंतर सनस्क्रीन दोन बोटांच्या लांबीएवढं, चेहरा आणि मान मिळून, आणि घरातून निघायच्या वीस मिनिटं आधी. दुपारी परत लावायचं. स्कार्फ सुती आणि रोज धुतलेला.

---

करडई | रात्री १०:००

रानजाई, डाव्या गालाचं सबसिजन झालं की त्याच उजेडातला फोटो काढून ठेव, आणि इथे लिही. मला पण करायचंय.

---

सुरंगी | २० नोव्हेंबर, सकाळी ८:२०

उशिरा आले धाग्यावर. माझा सिझेरियनचा वण जाड झालाय, टाक्यांच्या रेघेबाहेरही पसरतोय आणि टोचतो. त्यावर हेच लेझर चालेल का?

---

निवडुंग | सकाळी ८:५५

सुरंगी, रेघेबाहेर पसरत असेल तर तो बहुधा कीलॉइड आहे. नुसतं लेझर मारलं तर तो चिडून आणखी वाढू शकतो. आधी वणात ट्रायअॅम्सिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शनं, दर तीन-चार आठवड्यांनी, आणि सोबत सिलिकॉनची पट्टी. दबला की मग लेझरचं बघता येतं. बाळाला अंगावर पाजत असाल तर ते डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा.